पगार चालू ठेवून जोडधंदा : आधी घरातल्या तासांचा हिशेब मांडा

पहाटे पुणे–नाशिक महामार्गावर उभे राहिले, की नारायणगाव, कळंब, मंचर अशा प्रत्येक थांब्यावर डबा हातात घेतलेली तरुण मुले कंपनीच्या बसची वाट पाहताना दिसतात. कुणी चाकणला जातो, कुणी भोसरीला. त्याच सुमारास जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतले शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कारकून, साखर कारखान्यातले कामगार आपापल्या कामावर जायच्या तयारीत असतात. या सगळ्यांशी बोलताना आमच्या कानावर एकच वाक्य वारंवार येते, "नुसत्या पगारावर भागत नाही, काहीतरी जोडधंदा बघायला हवा."

हा विचार चांगला आहे. मुलांची फी, घराचा हप्ता, आईवडिलांचे औषधपाणी हे एका पगारात बसवताना चांगल्या-चांगल्यांची दमछाक होते. पण जोडधंद्याचा सल्ला देणारे बहुतेक लोक भांडवल किती लागेल आणि नफा किती सुटेल एवढेच सांगतात. नोकरदाराजवळ सर्वांत कमी असलेली गोष्ट पैसा नाही, वेळ आहे. त्याचे आठ-नऊ तास मालकाचे, दोन-तीन तास रस्त्याचे. मग धंद्याला लागणारे तास येतात कुठून? बहुतेक घरांत ते बायकोचे, आईचे किंवा म्हाताऱ्या वडिलांचे असतात. या तासांची किंमत वहीत कुठेच लिहिली जात नाही आणि म्हणूनच तोट्यातला धंदाही वर्षानुवर्षे नफ्यात दिसत राहतो. या लेखात आम्ही मुख्यतः हाच हिशेब मांडणार आहोत.

नोकरी हेच पहिले भांडवल

नोकरी सांभाळून धंदा उभा करणे ही आजची टूम नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ च्या सुमारास त्यांनी आणि बेळगावात राहणारे त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून पाठवीत, रामूअण्णा बेळगावात त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. पुढे बढती डावलली गेली तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला गेले. तोवर धंदा उभा होता. त्यानंतर लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली.

या उदाहरणातली वाटणी पाहा. मुंबईत राहणाऱ्याने मुंबईत होण्यासारखे काम घेतले. दुकानात हजर राहण्याचे काम हजर असणाऱ्याने केले. दुकानावर बसणारा भाऊ फुकटचा गडी नव्हता, तो धंद्यातला भागीदार होता. पगारामुळे सुरुवातीच्या दिवसांत दुकानाच्या गल्ल्यावर दोन्ही घरांचा भार पडला नाही.

गुजरातचे करसनभाई पटेल हे दुसरे उदाहरण. सरकारी खात्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करत असताना १९६९ साली त्यांनी घरी धुण्याची पावडर बनवली आणि कामाच्या वेळेबाहेर सायकलवरून घरोघर विकली. तीच पुढची 'निरमा'. पावडर हा असा माल, की तो रात्री तयार करता येतो, दोन दिवस पडून राहिला तरी नासत नाही आणि सवडीने विकता येतो. नोकरदाराने धंदा निवडताना हा गुण आधी पाहावा.

आधी नेमणूकपत्र वाचा

आपल्या भागात नोकरदार दोन प्रकारचे आहेत आणि दोघांच्या अडचणी उलट्या आहेत. सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकराला ठरावीक वेळ मिळते, पण नियमांचे बंधन असते. कंपनीतल्या कामगारावर सरकारी वर्तणूक नियम नसतात, पण त्याच्या वेळेचा भरवसा नसतो.

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय कोणताही व्यापार-धंदा किंवा दुसरी नोकरी करण्यास त्यात मनाई आहे. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. "बायकोच्या नावावर केला म्हणजे झाले" असे पुष्कळ जण सांगतात. ते अर्धसत्य आहे. कुटुंबातील व्यक्ती धंदा करीत असेल किंवा विमा एजन्सी चालवीत असेल, तर ते सरकारी नोकराने कार्यालयाला कळवावे लागते. त्या एजन्सीसाठी त्याने स्वतः गिऱ्हाईक गोळा करणे हाही नियमभंगच ठरतो. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास बंदी केली आहे. तेव्हा लेखी अर्ज करावा, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. दहा वर्षांची पेन्शनपात्र नोकरी चार पैशांसाठी धोक्यात घालणे हा धंदा नव्हे.

खासगी कंपनीतल्यांनी नेमणूकपत्र काढून वाचावे. 'पूर्णवेळ सेवा' आणि 'दुसरा व्यवसाय करणार नाही' अशी कलमे पुष्कळ पत्रांत असतात. घरची शेती किंवा गोठा यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. पण कंपनीच्या मालाशी स्पर्धा करणारा माल विकणे, कंपनीचे गिऱ्हाईक किंवा आराखडे वापरणे, कामाच्या वेळेत धंद्याचे फोन घेत बसणे यावर नोकरी जाऊ शकते. शंका असेल तर आधी विचारावे.

वेळेचे कोष्टक

एक कागद घ्या. त्यावर आठवड्याचे सात दिवस आणि दिवसाचे चोवीस तास मांडा. नोकरी, प्रवास, झोप, नमाज-प्रार्थना, मुलांचा अभ्यास, लग्नकार्य, आजारपण हे सर्व वजा करा. उरलेले तास मोजा. बहुतेकांचे आठवड्याला दहा-बारा तासांवर गणित जात नाही आणि तेही तुकड्यातुकड्यांनी.

कंपनी कामगाराची अडचण याहून मोठी. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. या आठवड्यात संध्याकाळ मोकळी, तर पुढच्या आठवड्यात सकाळ. गाय मात्र पाळीप्रमाणे दूध देत नाही. तिला रोज त्याच वेळेला धार काढणारा लागतो. म्हणजे ज्या धंद्याला ठरलेल्या वेळेची हजेरी लागते, तो बदलत्या पाळीच्या माणसाचा धंदा होऊच शकत नाही. तो घरच्या माणसांचा धंदा होतो.

बाजाराचा वारही पाहावा. औद्योगिक पट्ट्यात कुणाची सुटी गुरुवारी, कुणाची रविवारी. बेल्ह्याचा प्रसिद्ध जनावरांचा बाजार सोमवारी. सुटी आणि बाजार जुळत नसेल, तर दर खेपेला रजा टाकावी लागेल किंवा माल दलालाच्या हाती सोपवावा लागेल. रजेच्या दिवसाचा पगारही खर्चातच धरायला हवा.

आपल्या तालुक्यांपुरती आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे बिबट्या. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांनी पूर्व भागात ऊस वाढला आणि उसात बिबट्याने घर केले. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, एवढी ही समस्या जुनी आहे. जनावरेच नव्हे, माणसेही या हल्ल्यांत दगावली आहेत. घरचा कर्ता दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीला गेल्यावर अंधारात गोठ्यात जाणार कोण, रात्रीची वीज आली तर मोटार चालू करायला निघणार कोण, हे धंदा सुरू करण्यापूर्वी ठरवा. उत्तर "घरची बाई" असे असेल, तर आधी बंदिस्त गोठा, लोखंडी जाळी आणि उजेड यांचा खर्च भांडवलात धरा. ही व्यवस्था होईपर्यंत जनावर आणू नका. बिबट्याने जनावर मारल्यास शासनाकडून भरपाई मिळते, पण त्यासाठी वनखात्याला ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो.

दोन गायींचा हिशेब

आता वहीकडे वळू. समजा, मंचरजवळच्या गावातला एक कामगार दोन संकरित गायी घेतो. खालचे आकडे आम्ही मांडणी समजावी म्हणून घेतले आहेत. वाचकांनी त्या जागी आपल्या गावचे दर घालावेत.

दोन गायींचे मिळून रोज २० लिटर दूध, दर ३० रुपये, म्हणजे जमा ६०० रुपये. पशुखाद्य २५० रुपये. हिरवा चारा, मुरघास, कडबा, उसाचे वाढे १५० रुपये. औषध, रेतन, विमा, वीज ४० रुपये. एकूण खर्च ४४०. शिल्लक १६० रुपये रोज, महिन्याला ४,८०० रुपये. कामगार खूश होतो आणि तिसरी गाय घ्यायला निघतो.

आता तास मोजा. शेण काढणे, चारा कापून आणणे, कुट्टी, पाणी, दोन वेळची धार, डेअरीला दूध घालणे मिळून घरच्यांचे रोज ५ तास जातात. हेच काम मजुराकडून करून घेतले आणि तासाला ४० रुपये दिले, तर २०० रुपये होतात. म्हणजे १६० रुपयांच्या शिल्लकीसाठी घराने २०० रुपयांचे श्रम घातले. रोज ४० रुपये तोटा, पण तो कुणालाच दिसला नाही, कारण तो बायकोच्या कमरेतून आणि आईच्या गुडघ्यांतून वसूल होत होता.

शिवाय प्रत्येक गाय दोन वेतांमध्ये सुमारे दोन महिने भाकड असते. त्या काळात दूध नाही, चारा मात्र चालूच. गायीसाठी कर्ज काढले असेल तर हप्ताही आहे. दुसऱ्या बाजूला शेणखत आणि कालवड जमेला धरायला हव्यात, हेही न्यायाचे आहे.

याचा अर्थ गाय पाळू नये असा नाही. आपल्या भागात दुधाने अनेक घरे उभी केली आहेत. दर ३४ रुपये मिळाला, तर याच हिशेबात शिल्लक २४० होते आणि मजुरी देऊन ४० रुपये उरतात. चारा घरच्या रानातला असेल, कुट्टीयंत्राने एक तास वाचला, तर चित्र आणखी सुधारते. सांगायचा मुद्दा असा की मजुरी धरून हिशेब जुळला तरच गायी वाढवा. तिसरी गाय घेतल्याने तोटा भरून निघत नाही, तो दीडपट होतो.

आमची सूचना अशी की घरातल्या माणसाची मजुरी दर महिन्याला खरोखरच काढा आणि त्याच्या किंवा तिच्या स्वतःच्या बँक खात्यात भरा. रक्कम थोडी असली तरी चालेल. त्यामुळे दोन गोष्टी होतात. धंद्याचे खरे चित्र समोर येते आणि राबणाऱ्या माणसाला धंद्यात बोलण्याचा अधिकार मिळतो. पुष्कळदा धंदा कुठे गळतो हे दिवसभर तिथे असलेल्या बाईलाच ठाऊक असते, पण तिला कुणी विचारत नाही.

मग कोणता धंदा निवडावा?

आपल्या भागात मोठे कारखाने कमी आहेत. त्याला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीणही एक कारण आहे. तिच्या ३० अँटेनांना आकाशातले अतिशय क्षीण रेडिओ संदेश टिपायचे असतात, म्हणून परिसरात रेडिओ गोंगाट करणाऱ्या उद्योगांवर बंधने आहेत. यंत्रावर चालणारा छोटा कारखाना काढायचा झाल्यास ही चौकशी आधी करावी. शेती आणि सेवा यांना मात्र इथे भरपूर वाव आहे.

बोकडपालन : बकरी ईदसाठी पाच-सहा बोकड बंदिस्त जागेत वाढवणे हा नोकरदाराला बऱ्यापैकी झेपणारा धंदा आहे. विक्री वर्षातून एकदाच. चारापाणी घरची माणसे करू शकतात आणि वेळ थोडी पुढेमागे झाली तरी चालते. उस्मानाबादी आणि संगमनेरी या जाती आपल्या हवेत टिकतात. मात्र कुर्बानीसाठी बोकड वर्षाचा पुरा लागतो आणि ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येते. म्हणून खरेदीची तारीख उलटी मोजत यावे. आंत्रविषाराची आणि पीपीआरची लस चुकवू नये.

करारावरची कोंबडी : कंपनी पिल्ले, खाद्य आणि औषध देते. शेतकऱ्याचे शेड, पाणी, वीज आणि मजुरी. किलोमागे ठरलेला दर मिळतो आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांत बॅच निघते. दराचा धोका कमी, पण हजेरी चोवीस तासांची. उन्हाळ्यात दोन तास वीज गेली आणि कुणी जागेवर नसले, तर शेडच रिकामे होऊ शकते. पगारी माणूस ठेवण्याची तयारी नसेल, तर नोकरदाराने यात पडू नये. करारपत्रात मरतुकीचा भार कुणावर ते नीट वाचावे.

भाजीपाल्याची रोपवाटिका : नारायणगावच्या परिसरात टोमॅटोची लागवड मोठी, त्यामुळे ट्रेमधल्या रोपांना मागणी असते. रोपे साधारण महिन्याभरात तयार होतात. पण ठरल्या दिवशी उचल झाली नाही तर ती वाया जातात. म्हणून आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बी टाकू नये.

हातातले हुन्नर : कंपनीत वेल्डिंग, मोटार रिवाइंडिंग, वायरिंग, यंत्रदुरुस्ती शिकलेला माणूस गायी-कोंबड्यांच्या मागे का लागतो, याचे आम्हाला नवल वाटते. ठिबक संचाची दुरुस्ती, पंपाची मोटार, फवारणीचा पंप, दूध काढण्याचे यंत्र ही कामे गावोगाव अडून राहतात. यात भांडवल थोडे, माल नासत नाही, सुटीच्या दिवशी काम करता येते आणि तास आपले स्वतःचे जातात. घरच्यांवर भार पडत नाही. आमच्या मते बदलत्या पाळीच्या कामगाराने आधी हाच मार्ग तपासावा.

धंदा कोणताही असो, एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये. जुन्नरच्या कागदी मंडळींचा हातकागद एकेकाळी दफ्तरांत वापरला जाई. गिरणीचा कागद आला आणि ती कला मागे पडली. एकच आडत्या, एकच डेअरी, एकच कंपनी हा धोका आजही तसाच आहे.

पैसा : किती आणि कुठून

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय धंद्यात पैसा घालू नये. भविष्यनिर्वाह निधी आणि बायकोचे दागिने यांना हात लावू नये. भिशीचा उचललेला पैसा हे कर्जच आहे, नफा नव्हे. पगारातून दरमहा धंद्यात किती घालणार याची मर्यादा आधीच लिहून ठेवावी आणि ती ओलांडायची वेळ आली तर धंदा थांबवावा. धंद्याचे बँक खाते वेगळे ठेवावे. पगाराच्या खात्यात धंद्याचा पैसा मिसळला, की कोण कुणाला पोसतो आहे ते कळेनासे होते.

भाऊ किंवा मित्र राबणार आणि आपण पैसा घालणार असे असेल, तर मुदारबा पद्धतीची भागीदारी सोयीची. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. राबणाऱ्याची चूक नसताना तोटा आला, तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा, कारण दुसऱ्याचे श्रम आधीच वाया गेलेले असतात. पण सगळे कागदावर, दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे. सख्ख्या भावांचे अबोले तोंडी व्यवहारातूनच होतात.

कागदपत्रे

उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, तिच्यासाठी दलालाला पैसे देऊ नयेत. खाण्याचा माल बनवून विकायचा असेल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. मालाच्या धंद्यात वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. सेवेसाठी ही मर्यादा २० लाख आहे.

प्राप्तिकराबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही हे खरे, पण दूध आणि कोंबडी यांचे उत्पन्न कायद्याने शेतीचे उत्पन्न मानले जात नाही. ते पगारात मिळवून दाखवावे लागते आणि पगारदाराचा साधा फॉर्म त्याला चालत नाही. वर्षातून एकदा हिशेबनिसाची फी द्यावी, ती स्वस्त पडते.

नोकरी कधी सोडावी?

२०२३ च्या उन्हाळ्यात टोमॅटोचे भाव इतके पडले होते, की शेतकऱ्यांनी माल फेकून दिला. त्याच वर्षी जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांवर भाव गेला. काही आठवड्यांतच तो पुन्हा खाली आला. अशा एका जुलैच्या भरवशावर जो नोकरीचा राजीनामा देईल, तो पुढच्या मे महिन्यात काय करील?

आमचा आडाखा सरळ आहे. घरच्यांची मजुरी, हप्ता आणि कर वजा जाता धंद्याने सलग दोन वर्षे पगाराइतके पैसे दिले, त्यात एक वाईट हंगाम पचवला आणि हाती वर्षभराचा घरखर्च असेल, तरच राजीनाम्याचा विचार करावा. तोवर पगार चालू द्यावा. आणि दोन वर्षांनंतरही मजुरी धरून शिल्लक उरत नसेल, तर लाज न बाळगता धंदा बंद करावा. नोकरी चालू असल्याचा हाच खरा फायदा आहे, की चूक झाली तरी चूल पेटती राहते.

जोडधंदा सुरू करण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सर्वांना एकत्र बसवा. तासांचा कागद मध्ये ठेवा आणि कोण किती तास देणार, त्याचे त्याला काय मिळणार हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. त्या कागदावर सर्वांनी मनापासून सही केली, तर समजा की धंद्याची अर्धी बरकत तिथेच आली. सही करताना घरातल्या बाईचा हात थबकला, तर धंद्यात तोटा कुठे येणार ते तुम्हाला आधीच कळले.